दशांशचिन्हाच्या उजवीकडे

डेटाबेसांतून निघणाऱ्या अहवालांत दशांश अपूर्णांक कसे दाखवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हें ऐकून पुष्कळांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, हा संगणकावर काम करणाऱ्या मंडळींचा खाजगी प्रश्न असून आपला त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु सकाळीं दूध-संकलन केंद्रावर मिळणारी चिठ्ठी, विजेचें बिल, बँकेचें पासबुक, रक्त तपासल्यावर प्रयोगशाळेकडून येणारा कागद, सराफाची पावती, पावसाचें दैनिक पत्रक, हीं सारीं आज बहुतेक ठिकाणीं डेटाबेसांतूनच छापून निघतात. या प्रत्येक कागदावर एक बारीक ठिपका असतो आणि त्या ठिपक्याच्या उजवीकडे कांहीं अंक असतात. ते एक असावेत, दोन असावेत कीं तीन असावेत, हें कोणीतरी माणसानें आधींच ठरविलेलें असतें. तें कोणत्या विचारानें ठरवावें, आणि तो विचार न केल्यास काय घडतें, एवढेंच मला आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. मीं आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलें. त्या दृष्टीनेंच मी या विषयाकडे पाहणार आहें.

अपूर्णांक आपल्या लोकांस नवा नाहीं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे जुन्या शाळांतून तोंडपाठ करून घेत असत. जुन्या रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै होत. खतावणींत रुपये, आणे आणि पै यांचे तीन निराळे रकाने असत. त्यामुळें दशांशचिन्हाची गरजच पडत नसे. १ एप्रिल १९५७ रोजीं भारतांत दशमान नाणेंपद्धति सुरू झाली व रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याबरोबर तीन रकाने जाऊन एक ठिपका आला. पण हिशेब करूं जातां असें दिसलें कीं, एका आण्याचे बरोबर ६.२५ नवे पैसे होतात. आणि पाव पैशाचें नाणें तर नाहीं. तेव्हां व्यवहारांत आण्याचे सहा नवे पैसे धरावे लागले. गणिताचा आंकडा एक आणि हातांत पडणारा आंकडा दुसरा, ही अडचण अशी पहिल्याच दिवशीं घरोघर पोंचली. संगणकाच्या अहवालांतील प्रश्न त्याच जातीचा आहे.

आतां डेटाबेस म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. ही एक मोठी खतावणी आहे असें समजा. तिच्यांत ओळी आहेत व रकाने आहेत, आणि कोणत्या रकान्यांत कोणत्या जातीची नोंद ठेवावयाची, हें आधीं ठरलेलें असतें. या खतावणींत जी संख्या ठेवलेली असते ती साठविलेली संख्या. आणि कागदावर किंवा पडद्यावर आपणांस दिसते ती दाखविलेली संख्या. या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. आजच्या सर्व विवेचनाचें मूळ या एका भेदांत आहे, म्हणून तो नीट ध्यानांत घ्यावा.

हा भेद संगणकाच्या आरंभीच्या पिढीलाही ठाऊक होता. व्यापारी हिशेबासाठीं १९६० सालीं कोबोल नांवाची संगणकभाषा प्रसिद्ध झाली. तींत प्रत्येक रकान्याचें एक ‘पिक्चर’, म्हणजे चित्र, लिहून द्यावें लागे. साठवणीच्या चित्रांत दशांशचिन्हाच्या जागीं इंग्रजी ‘व्ही’ हें अक्षर लिहीत. त्याचा अर्थ असा कीं, येथें ठिपका आहे असें समजावें, पण तो प्रत्यक्ष साठवूं नये. छापण्यासाठीं मात्र दुसरें चित्र असे. त्यांत खरा ठिपका असे, स्वल्पविराम असत, आणि डावीकडील निरुपयोगी शून्यें गाळण्यासाठीं ‘झेड’ हें अक्षर असे. एकच संख्या, तिचें कोठारांतील रूप निराळें, आणि चारचौघांत जाण्याचें रूप निराळें. आजच्या डेटाबेसांतही ‘डेसिमल (१०, २)’ अशी सूचना देतात. तिचा अर्थ, एकंदर दहा अंक आणि त्यांपैकीं दोन ठिपक्याच्या उजवीकडे. अशा रकान्यांत ९,९९,९९,९९९.९९ याहून मोठी संख्या मावत नाहीं, आणि ३.४५६ हा दर घालूं गेल्यास त्याचा तिसरा अंक साठवतांनाच जातो. एकदां गेलेला अंक पुढें कितीही सुंदर छपाई केली तरी परत येत नाहीं. म्हणून दाखविण्यास दोन स्थळें पुरत असलीं, तरी दर, प्रमाण, माप यांसारख्या गोष्टी साठवितांना जास्त स्थळें ठेवावीं, असा जाणत्यांचा रिवाज आहे.

संख्या साठविण्याची दुसरीही एक रीत आहे. तिला ‘फ्लोट’ म्हणतात. तींत दशांशचिन्हाची जागा पक्की नसते आणि संख्या द्विमान पद्धतीनें, म्हणजे शून्य व एक या दोनच अंकांनीं, लिहिलेली असते. येथें एक चमत्कार घडतो. अशा रीतीनें साठविलेल्या ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली आणि उत्तर जसेंच्या तसें छापण्यास सांगितलें, तर अनेक संगणकांवर ०.३०००००००००००००००४ असें उत्तर येतें: तीनानंतर पंधरा शून्यें आणि शेवटीं चार! हें पाहून यंत्र बिघडलें असें नवशिक्यास वाटतें. वस्तुतः कारण अगदीं साधें आहे. एकास तिनानें भागलें असतां आपल्या दशमान पद्धतींत ०.३३३ असें न संपणारें उत्तर येतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत आहे. द्विमान पद्धतींत तोच प्रकार एकदशांशाचा होतो. ज्या अपूर्णांकाचा छेद केवळ दोनाच्या गुणाकारानें बनतो, तेवढाच त्या पद्धतींत पुरा लिहितां येतो. पाव, अर्धा, पाऊण हे तेथें बिनचूक बसतात. आमचा जुना आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. तोही बिनचूक बसतो. पण दहा पैसे मात्र कधींच पुरे बसत नाहींत! यंत्र जवळची किंमत ठेवून पुढें चालतें.

मग अहवाल तयार करणारा काय करतो? दोनच स्थळें दाखव, असें तो यंत्रास सांगतो, आणि कागदावर ०.३० असें स्वच्छ उत्तर उमटतें. शेपूट झांकली गेली, गेली नाहीं. पुढें कोणी ‘ज्यांची किंमत बरोबर ०.३ आहे त्या नोंदी काढा’ असें विचारलें, तर कागदावर ०.३० दिसणारी ती नोंद सांपडत नाहीं, आणि मग दिवसभर शोध चालतो. यास्तव पैशाचे रकाने फ्लोट रीतीनें न ठेवतां डेसिमल रीतीनें ठेवावे, हा नियम सर्वत्र मान्य झालेला आहे.

साठवण आणि दर्शन यांची गल्लत झाली म्हणजे किती अनर्थ होतो, याचें एक प्रसिद्ध उदाहरण कॅनडांतील आहे. व्हँकूव्हर येथील त्या काळच्या शेअरबाजारानें जानेवारी १९८२ मध्यें एक निर्देशांक सुरू केला. त्याचा आरंभ १००० या आंकड्यानें झाला. प्रत्येक व्यवहाराबरोबर निर्देशांक नव्यानें काढला जाई आणि दशांशचिन्हापुढें तीनच अंक ठेवून बाकीचे छाटून टाकले जात. दाखविण्यासाठीं तीन अंक पुरेसे होते, यांत शंका नाहीं. चूक अशी कीं, छाटलेला तोच आंकडा पुढच्या गणितासाठीं घेतला जात असे. छाटणें म्हणजे नेहमीं खालींच जाणें. एका छाटणींत फार तर एक सहस्रांशाची हानि. पण अशी छाटणी दिवसांतून हजारों वेळां होई. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक घसरत सुमारें ५२४ वर आला. बाजार मंदींत आहे असें लोकांस वाटे. चूक ध्यानांत येऊन दुरुस्ती झाली, तेव्हां खरा आंकडा १०९८ हून अधिक निघाला. म्हणजे ज्या काळांत निर्देशांक निम्म्यावर आल्यासारखा दिसला, त्या काळांत तो वास्तविक वाढलेला होता. धान्याच्या राशींतून मुंगीनें एकेक कण न्यावा, तसें हें झालें.

दुसरें उदाहरण याहूनही अधिक बोधप्रद आहे, कारण तेथें गणित मुळींच चुकलें नव्हतें. केवळ छपाईनें घोटाळा केला. जर्मनीच्या उत्तरेस श्लेस्विग-होल्स्टाइन नांवाचें एक राज्य आहे. तेथील विधिमंडळाची निवडणूक ५ एप्रिल १९९२ रोजीं झाली. तेथला नियम असा कीं, ज्या पक्षास एकंदर मतांच्या शेंकडा पांच मतें मिळत नाहींत, त्यास सामान्यतः विधिमंडळांत जागा मिळत नाहीं. त्या रात्रीं निकालाच्या पत्रकांत ग्रीन पक्षाच्या नांवापुढें शेंकडा ५.० असा आंकडा छापून आला. पक्ष उंबरठा ओलांडून आंत आला असें समजून जागांची वांटणी जाहीर झाली, आणि त्यामुळें सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचें बहुमत हुकलेलें दिसलें. पुढें कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं, ग्रीन पक्षाचीं मतें प्रत्यक्षांत शेंकडा ४.९७ आहेत. पत्रक छापणारा कार्यक्रम दशांशचिन्हापुढें एकच अंक दाखवीत असे, आणि ४.९७ एका स्थळापर्यंत दाखविल्यास ५.० असेंच दिसणार. यंत्राच्या पोटांत खरी संख्या होती, बेरीजही खरी होती. कागदावर मात्र उंबरठ्याच्या अलीकडचा मनुष्य पलीकडे दिसला. निकाल फिरविण्यांत आला, ग्रीन पक्षाच्या जागा गेल्या, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षास ८९ पैकीं ४५ म्हणजे एका जागेचें बहुमत मिळालें. एका राज्याचें सरकार कोणत्या पायावर उभें राहावें, हा प्रश्न त्या रात्रीं दशांशचिन्हाच्या उजवीकडील एका न दाखविलेल्या अंकावर अडला होता.

जर्मनी दूर आहे असें आपण म्हणाल, तर आपल्याच गांवच्या दूध-संकलन केंद्रावर चला. गायीच्या दुधाच्या दरासाठीं ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. हें प्रमाण आधारभूत धरण्याची रीत महाराष्ट्रांत शेतकऱ्यांस चांगली परिचित आहे. तेथें फॅटच्या एका दशांशावरही दर वर-खालीं होतो. समजा, यंत्रानें फॅट ३.४६ मोजलें. चिठ्ठीवर एकच दशांश स्थळ असल्यामुळें ३.५ छापलें गेलें. दर मात्र आंतील ३.४६ वरून काढला आणि तो खालच्या पायरीचा निघाला. आतां शेतकरी विचारतो, “चिठ्ठीवर साडेतीन लिहिलें आहे, मग भाव साडेतीनचा कां नाहीं?” त्याच्या प्रश्नास केंद्रावरील मुलगा उत्तर देऊं शकत नाहीं, आणि संस्थेवर लबाडीचा संशय येतो. कोणींही लबाडी केलेली नसते. येथें मार्ग दोनच आहेत. एकतर दर ज्या आंकड्यावरून काढला तोच आंकडा चिठ्ठीवर दाखवावा. नाहींतर जो आंकडा चिठ्ठीवर दाखविला त्यावरूनच दर काढावा. जेथें एखाद्या मर्यादेवरून निर्णय होतो, तेथें निर्णयाचा आंकडा व दाखविलेला आंकडा एकच असला पाहिजे, हा नियम मी फार महत्त्वाचा समजतों.

आतां आसन्न किंमतीविषयीं, ज्याला व्यापारी लोक ‘राउंड ऑफ’ करणें म्हणतात. शाळेंत आम्ही शिकवितों कीं, गाळावयाचा अंक पांचाहून कमी असल्यास सोडून द्यावा, पांच किंवा अधिक असल्यास मागील अंकांत एक मिळवावा. वस्तु-सेवा-कराच्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यांतील कलम १७० मध्यें कराच्या रकमेसाठीं हाच नियम घातलेला आहे: पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास पुरा रुपया धरावा, कमी असल्यास पैसे सोडावे. पण बरोबर अर्धाच उरला तर नेहमीं वरच जावें, हें सर्वत्र योग्य नाहीं. हजारों नोंदींत असें केल्यास एकंदर बेरीज हळूहळू वरच्या बाजूस कलते. म्हणून दुसरी एक रीत आहे. तींत बरोबर अर्धा उरल्यास जवळच्या सम अंकाकडे जातात, २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४ होतात. म्हणजे कधीं वर, कधीं खालीं, आणि कल राहत नाहीं. आपल्या देशाच्या मानकांच्या यादींत पहिलें मानक राष्ट्रध्वजाचें आहे, आणि लागलीच दुसरें मानक, १९६० सालीं सुधारलेलें, संख्यांच्या आसन्न किंमती काढण्याच्या नियमांचें आहे. त्यांत ही सम अंकाची रीतच सांगितली आहे. ध्वजाच्या खालोखाल या विषयास स्थान मिळालें, हें शिक्षकास सुखावणारें आहे! डेटाबेसांच्याही यांत निरनिराळ्या संवयी असतात. आपला डेटाबेस कोणती रीत वापरतो, तें २.५ आणि ३.५ घालून एकदां तपासून पाहावें.

यांतूनच बेरजेचा जुना तंटा निघतो. समजा, तीन नोंदी प्रत्येकीं १००.३३४ अशा आहेत. कागदावर त्या तीनही १००.३३ अशा दिसतात. वाचणारा त्यांची बेरीज करतो, ती ३००.९९ येते. खालीं मात्र यंत्रानें ३०१.०० छापलेलें असतें, कारण त्यानें मूळ संख्यांची बेरीज ३०१.००२ करून मग ती दोन स्थळांत दाखविली. दोघांपैकीं बरोबर कोण? याचें उत्तर त्या संख्या कशाच्या आहेत, यावर अवलंबून आहे. त्या पावसाच्या, वजनाच्या, लांबीच्या, म्हणजे मापाच्या असतील, तर मूळ संख्यांचीच बेरीज करावी आणि आसन्न किंमत शेवटीं एकदांच काढावी. यंत्र बरोबर आहे. परंतु त्या प्रत्यक्ष द्यावयाच्या पैशाच्या रकमा असतील, तर १००.३३४ रुपये कोणी कोणास देऊं शकत नाहीं. प्रत्येक वेळीं १००.३३ च दिले जाणार. तेथें प्रत्येक रक्कम आधीं पैशापर्यंत पक्की करावी, तीच साठवावी, आणि तिचीच बेरीज करावी. म्हणजे ग्राहकानें पेन्सिलीनें केलेली बेरीज आणि यंत्राची बेरीज यांत एका पैशाचाही फरक पडणार नाहीं. एक पैसा म्हणजे काय मोठें, असें कोणी म्हणूं नये. एक पैसा न जुळला म्हणजे सगळ्याच कागदावरचा विश्वास उडतो.

आतां शून्याकडे वळूं. १०.५ आणि १०.५०० या संख्या गणितांत समान आहेत. अहवालांत त्या समान नाहींत. सराफाच्या पावतीवर १०.५०० ग्रॅम असें असतें, तेव्हां त्याचा अर्थ असा कीं, तराजूनें सहस्रांश ग्रॅमपर्यंत मोजलें आणि शेवटच्या दोन जागीं खरोखरच शून्य निघालें. तीं शून्यें गाळलीं तर मोजमापाच्या सूक्ष्मतेची साक्षच गेली. उलट, साध्या कांट्यावर तोललेल्या धान्यापुढें ५०.००० किलो असें छापणें म्हणजे न केलेल्या मोजणीची शेखी मिरविणें होय. दागिन्यावरचा ९१६ हा शिक्काही विचार करण्यासारखा आहे. बावीस कॅरट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनें. हजारीं हें प्रमाण ९१६.६६ पडतें. जवळचा अंक ९१७ असतांही ९१६ लिहितात. ही हमी किमान शुद्धतेची असल्यामुळें खालच्या बाजूस छाटणेंच तेथें प्रामाणिकपणाचें आहे.

सोन्याच्या पावतीवर जें शून्य हवें असतें, तेंच औषधाच्या कागदावर प्राणघातक ठरूं शकतें. औषधाची मात्रा १.० मिलिग्रॅम अशी लिहिली आणि ठिपका पुसट उमटला, तर वाचणारा ती १० वाचतो. रोग्यास दसपट औषध जातें. तसेंच .५ असें शून्यावांचून लिहिलें तर तो ५ वाचतो. अमेरिकेंत रुग्णालयांची तपासणी करून मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनें २००४ सालीं जी वर्ज्य लेखनांची यादी केली, तींत या दोन्ही गोष्टी आहेत: मात्रेच्या शेवटीं शून्य लिहूं नये, आणि ठिपक्याच्या आधीं शून्य लिहिल्यावांचून राहूं नये. प्रयोगशाळेच्या निष्कर्षांत मात्र सूक्ष्मता दाखविण्यासाठीं शेवटचें शून्य चालतें, असाही अपवाद त्यांनीं ठेवला आहे. हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, ओरॅकलसारख्या नांवाजलेल्या डेटाबेसांतही संख्येचें अक्षररूप करतांना निराळी सूचना न दिल्यास ०.५ ही संख्या नुसती .५ अशी निघते. तेव्हां यंत्राच्या स्वाभाविक संवयीवर विसंबून रुग्णालयाचा अहवाल काढणें धोक्याचें आहे. शून्य असावें कीं नसावें, तें स्पष्ट सांगितलेंच पाहिजे.

स्वल्पविरामांविषयींही थोडें बोलूं. आपण उजवीकडून पहिले तीन अंक सोडून पुढें दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम देतों, १२,३४,५६७.८९ असें लिहिलें कीं बारा लाख हें डोळ्यांस लगेच कळतें. पाश्चात्त्य रीतीनें तीच संख्या १,२३४,५६७.८९ अशी छापली तर आपला वाचक अडखळतो. जर्मनींत तर ठिपका आणि स्वल्पविराम यांचीं कामें उलट आहेत. तेथें हजारांसाठीं ठिपका आणि दशांशासाठीं स्वल्पविराम देतात. आपणांस जें १.२३४ म्हणजे सव्वाहून किंचित् कमी, तें तेथें एक हजार दोनशें चौतीस! वजनें व मापें यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें २००३ सालीं ठिपका व स्वल्पविराम हीं दोन्हीं दशांशचिन्हें मान्य केलीं, आणि मोठ्या संख्येचे अंक केवळ मोकळी जागा सोडून वेगळे करावे, असें पुन्हां सांगितलें. परदेशीं अहवाल पाठविणाऱ्यानें हें विसरूं नये.

येथें एक सावधगिरीची सूचना आहे. स्वल्पविराम घातलेली संख्या डेटाबेसांत संख्या राहत नाहीं. तें अक्षरांचें एक ओळखपत्र होतें. अशा अक्षरांचा चढता क्रम लावूं गेल्यास यंत्र तो शब्दकोशासारखा लावतें, आणि १० ही ९ च्या आधीं येते, कारण एक हें नवाच्या आधींचें अक्षर आहे. म्हणून क्रम लावणें, बेरीज करणें, तुलना करणें हीं सर्व कामें मूळ संख्येवर आधीं उरकावीं आणि मांडणीचा वेष अगदीं शेवटीं चढवावा. तसेंच एका रकान्यांतील सर्व संख्यांस सारखींच दशांश स्थळें असावीं, आणि ठिपक्याखालीं ठिपका यावा. शाळेंत मुलांना बेरजेसाठीं आम्ही हेंच सांगत असूं. ठिपके एका ओळींत आले म्हणजे लहान-मोठी संख्या वाचल्यावांचूनही लांबीवरून ओळखतां येते, आणि चुकून दसपट पडलेली नोंद रकान्याबाहेर डोकावते.

शेवटची गोष्ट रिकाम्या जागेची. पावसाच्या पत्रकांत ०.० लिहिलें असेल तर मोजलें आणि पाऊस नव्हता, असा अर्थ होतो. त्या दिवशीं मोजणीच झाली नसेल, तर तेथें शून्य छापणें हें असत्य होय. डेटाबेस हे दोन प्रकार निराळे ठेवूं शकतो. परंतु अहवाल नीटस दिसावा म्हणून कित्येक जण रिकाम्या जागीं ०.०० भरून टाकतात. मग महिन्याची सरासरी काढतांना न मोजलेले दिवस कोरडे दिवस ठरतात. आपल्या हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणें २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. जेथें एका दशांशावर दिवस मोजला जातो वा गाळला जातो, तेथें शून्य आणि अभाव यांची सरमिसळ करणें शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. न मोजलेल्या जागीं एक आडवी रेघ द्यावी; ती कुरूप दिसली तरी चालेल.

श्रोतेहो, मला दिलेली वेळ संपत आली आहे. अहवाल तयार करविणाऱ्यांस माझी एवढीच विनंति आहे कीं, दोन दशांश स्थळें ठेवा, असें संवयीनें सांगूं नका. ही संख्या कोण वाचणार, तीवरून तो काय ठरविणार, आणि मोजणी खरोखर किती सूक्ष्म झाली आहे, हे तीन प्रश्न आधीं विचारा. मग स्थळांची संख्या आपोआप ठरते. आणि जे आपण केवळ वाचणारे आहोंत, त्यांनीं छापील आंकड्यापुढें मान तुकविण्याची घाई करूं नये. चिठ्ठीवरची, बिलावरची, पासबुकांतील बेरीज एकदां हातानें करून पाहावी. ती न जुळल्यास भांडण न करतां विचारावें: आंतील आंकडा कोणता, आणि तो कोठें व कसा आंखूड केला? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकास आहे, आणि त्याचें उत्तर देतां येईल असा अहवाल काढणें हें काढणाऱ्याचें कर्तव्य आहे.